ओपन सोर्स प्रकल्पात नवी माणसं टिकवायची कशी?

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पाला माणसं मिळत नाहीत असं नसतं. ती येतात आणि पहिल्याच संध्याकाळी कंटाळून जातात. तेव्हा डागडुजी त्या संध्याकाळची करायची.

आधी परवाना. लायसन्सची फाईल नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण तो बदलून वाटायची परवानगी कुणालाच नसते. एमआयटी की जीपीएल, कुठला परवाना ते ठरवा आणि फाईल टाका.

खरा वेळ सेटअपवर घालवा. प्रकल्प कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी विंडोजच्या ८ जीबी रॅमवाल्या लॅपटॉपवर रीडमी, म्हणजे प्रकल्प कसा चालवायचा ते सांगणारी फाईल, उघडून द्या आणि एक शब्दही न बोलता बघत राहा. जिथे गाडी अडेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे. अर्ध्या तासात प्रकल्प चालू व्हायला हवा. विंडोजवर आणखी एक खोडी होते: ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हं बदलतात आणि दोन ओळींची दुरुस्ती सहाशे ओळींची दिसते. नवख्याला वाटतं, आपणच काहीतरी मोडलं. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ (.gitattributes) फाईलमध्ये ओळींचे शेवट एकसारखे ठेवायची सूचना दिली की हे थांबतं.

मग इश्यू, म्हणजे करायच्या कामाची किंवा चुकीची नोंद. ‘वेळापत्रक नीट दिसत नाही’ ही नुसती तक्रार झाली. समजा, बसच्या वेळा दाखवणारं ॲप आहे. तर लिहा: ‘स्वारगेटहून रात्री ००:३० ला सुटणारी शेवटची बस यादीत सगळ्यात वर येते. क्रम लावताना रात्री १२ ते ३ मधल्या वेळांत २४ तास मिळवा. २३:५० च्या खाली ती बस दिसली की काम झालं.’ सोबत फाईलचं आणि फंक्शनचं नाव द्या, ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे नवख्यांसाठीचं लेबल लावा. असे पाच-सहा इश्यू कायम शिल्लक हवेत. तुम्हाला ते दहा मिनिटांत सुटतील, हात आवरा.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणी केलेला बदल प्रकल्पात घ्यायची विनंती, आली की ४८ तासांत उत्तर द्या, ‘शनिवारी बघतो’ एवढं का होईना. मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या फॉरमॅटरवर सोपवा. दुसऱ्याच्या चुकांवर बोट ठेवायची पुणेरी हौस पहिल्या पुल रिक्वेस्टवर भागवू नये.

बक्षिसांचं आमिष जपून. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी फुटकळ पुल रिक्वेस्टांचा इतका पूर आला, की आयोजकांना सहभागासाठी प्रकल्पाची आधी संमती सक्तीची करावी लागली.

कॉलेजच्या परीक्षा आल्या की मुलं गायब होतात. कुणी घेतलेल्या इश्यूवर दोन आठवडे हालचाल नसेल तर एकदा विचारा आणि तो दुसऱ्यांसाठी मोकळा करा, नावं न ठेवता.