पार्किंगच्या ई-मेमोविरुद्ध अर्ज करताय? मग या चुका टाळा

बडोद्यात गाडीचा ई-मेमो, म्हणजे दंडाचं ई-चलन, आला की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं, आधी घरभर आरडाओरडा, मग पोलिसात कोणी ओळखीचं आहे का त्याची शोधाशोध, आणि शेवटी मुदत संपत आली की घाईघाईत अर्ज. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या नातेवाईकांचे असे बरेच अर्ज माझ्याकडे वाचायला येतात आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय. त्यातही हॉस्पिटलच्या गेटसमोर किंवा आगीच्या बंबाच्या वाटेत गाडी उभी केल्याचा मेमो असेल तर लोक हमखास घोळ घालतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "साहेब, दोनच मिनिटं थांबलो होतो" हे वाक्य. याला तुम्ही बचाव समजता पण ही कबुली आहे. गाडी तिथे होती की नव्हती हाच पहिला मुद्दा असतो आणि तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देता की होती.

माझ्या आतेभावाचं असंच झालं. नवरात्रात एका हॉस्पिटलच्या बाजूला, बंब आत जायच्या वाटेवर गाडी लावून औषधं आणायला गेला आणि मेमो आला. त्याच्याकडे एक चांगला मुद्दा होता, नो पार्किंगच्या बोर्डावर गरब्याचा भलामोठा बॅनर बांधलेला होता, बोर्ड दिसतच नव्हता. पण पठ्ठ्याने तीन पानी अर्ज लिहिला, त्यात आत्याचं बीपी, दोन मिनिटं, सगळेच तिथे लावतात, मी टॅक्स भरतो, आणि बॅनरची गोष्ट तिसऱ्या पानावर एका ओळीत. फोटो काढायला गेला तो दसरा झाल्यावर, तोपर्यंत बॅनर उतरवलेला, बोर्ड लख्ख दिसतोय. अर्ज घेणाऱ्याने पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "भाई, आ तो तमे जाते ज लखी आप्युं छे." म्हणजे हे तर तुम्ही स्वतःच लिहून दिलंय. विषय तिथेच संपला, दंड भरावा लागला. हाच अर्ज पाच ओळींचा असता, सोबत त्याच दिवशीचा फोटो असता, तर निदान ऐकून तरी घेतलं असतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मेमो हातात आला किंवा मेसेज दिसला की त्याच दिवशी जागेवर जा. ज्या बाजूने गाडी आणली त्याच बाजूने चालत या आणि ड्रायव्हरला जे दिसतं त्याचे फोटो घ्या, एक लांबून, एक बोर्डाजवळून, एक रस्त्यावरच्या पट्ट्यांचा. फक्त बोर्डाचा क्लोजअप काही सिद्ध करत नाही. मोबाइलमधला मूळ फोटो ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोत तारीख-वेळ राहत नाही.

बोर्ड वाचायलाही शिका. निळ्या गोलात एकच तिरकी लाल पट्टी म्हणजे नो पार्किंग, दोन पट्ट्यांची फुली म्हणजे थांबायचंच नाही. फुलीच्या बोर्डाखाली "मी गाडीतच बसलो होतो, इंजिन चालू होतं" याला काही अर्थ नाही, तरी दर दुसऱ्या अर्जात तेच.

दुसरी चूक जी मला सहन होत नाही ती म्हणजे "आधी भरून टाकतो, मग भांडू". अहो, मोटर वाहन कायद्याच्या कलम 200 खाली दंड भरला की प्रकरण मिटलं, पुढची कारवाई बंद, मग भांडणार कशावर? भांडायचं असेल तर भरू नका. मेमो व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन कोर्टात, गेला असेल तर तिथे दोन पर्याय येतात, दंड भरायचा किंवा केस लढवायची, आणि लढवायचं निवडलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं, तिथे हजर राहावं लागतं. हे माहीत नसताना बटण दाबणारे नंतर तारखेला जात नाहीत आणि मग रडतात. लोक अदालतीचंही तसंच, तिथे तडजोड होते, चूक कोणाची याचा निवाडा नाही, आणि तिथे जे ठरतं त्यावर अपील नाही. मेमो खोटाच आहे असं म्हणायचं असेल तर ती जागा नाही.

मेमोवरचा फोटो मोठा करून बघा, हे तर कोणी करतच नाही. एका काकूंच्या ॲक्टिवाचा मेमो आला त्यात फोटो चक्क मोटरसायकलचा होता, नंबरातला 3 हा 8 वाचला गेला होता. आरसीची कॉपी, गाडीचा फोटो, चार ओळी, सुटला मेमो.

"मॉलचं कंपाउंड प्रायव्हेट आहे, पोलिसांचा हक्क नाही" हे डोळे झाकून लिहू नका, कायद्यात जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिकच धरतात.

व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडूच नका, ती फसवणूक असते, मेमो फक्त परिवहनच्या सरकारी पोर्टलवर बघा.

आणि बंबाच्या वाटेत खरंच गाडी लावली असेल तर माझ्याकडे अर्ज घेऊन येऊ नका, सरळ भरा. कलम 177 मध्ये पहिल्या वेळेला 500 रुपयांपर्यंतच दंड आहे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये उंच बिल्डिंगभोवती 6 मीटरची वाट आणि 45 टनांपर्यंतचा बंब पेलेल अशी जमीन मागितली आहे, ती काही उगाच नाही, आणि आपल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांमध्ये, तर एवढी जागा मुळातच नाही, त्यात कोपऱ्यावर एक गाडी आडवी लावली की बंब वळतच नाही.

विकलेल्या गाडीचा मेमो आला असेल तर आधी आरसी ट्रान्सफर झाली का ते तपासा, कागदावर नाव तुमचं असेल तर मेमो तुमच्याच नावावर येत राहणार. विक्रीचे कागद आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29, 30 च्या कॉप्या अर्जासोबत लावा, आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.