इलेक्ट्रॉन संरूपण लिहिताना या चुका टाळा

अणूचं संरूपण, म्हणजे कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन याची मांडणी, बिनचूक लिहिणारी मुलं आयन (प्रभार असलेला अणू) समोर आला की हमखास अडकतात. तपासलेल्या वह्यांमध्ये मला सगळ्यात जास्त भेटलेली चूक ही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

लोहाचा अणुअंक २६. अरगॉनच्या गाभ्यापुढे, म्हणजे अरगॉनसारख्या पहिल्या १८ इलेक्ट्रॉनांनंतर, ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २ इलेक्ट्रॉन (आकडा कवचाचा, अक्षर त्यातल्या उपकवचाचं). आता २ धनप्रभार असलेला आयन विचारला, की मुलं २६ मधून २ वजा करतात आणि उरलेले २४ पुन्हा पहिल्यापासून भरत सुटतात: ४एस मध्ये २, ३डी मध्ये ४. प्रत्यक्षात आधी ४एस रिकामं होतं आणि ३डी मधले सहाही जागेवर राहतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने कित्येक महिने असंच लिहिलं आणि मी ते पकडलं नाही. कारण ३डी मध्ये ४ असोत वा ६, ३डीच्या पाच चौकटींत (एका चौकटीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन) एकटे इलेक्ट्रॉन ४च उरतात. आयन किती चुंबकीय हे सांगणारं चुंबकीय आघूर्ण या एकट्यांच्या संख्येवरूनच काढतात, म्हणून ते दोन्हीकडे ४.९० बोर मॅग्नेटॉन (त्याचं एकक). मी शेवटचा आकडा पाहून बरोबरची खूण करत गेले. मग परीक्षेत लोहाचाच ३ धनप्रभाराचा आयन आला. तिच्या रीतीने ३डी मध्ये ३, म्हणून उत्तर ३.८७. खरे एकटे इलेक्ट्रॉन ५, आणि उत्तर ५.९२. तिने जे लिहिलं ते व्हॅनेडियमच्या अणूचं संरूपण होतं. इलेक्ट्रॉन दोघांकडे २३च, पण व्हॅनेडियमच्या केंद्रात प्रोटॉन २३ आणि लोहाच्या केंद्रात २६. ओढ वेगळी, म्हणून मांडणीही वेगळी. तेव्हापासून मी आधी चौकटी तपासते, आकडा नंतर.

माझी सवय अशी: आधी उदासीन अणू पूर्ण लिहायचा. मग तो कवचांच्या क्रमाने मांडायचा, म्हणजे ३डी आधी आणि ४एस शेवटी. आणि धन आयनासाठी उजव्या टोकाकडून खोडत यायचं. एक ओळ जास्त लिहावी लागते. तेवढी ओळ वाचवायची घाई मला अजिबात पटत नाही. तिरप्या बाणांची आकृती पाठ असते, पण ती उदासीन अणूत भरायचा क्रम सांगते, काढायचा नव्हे.

दुसरी चूक क्रोमियम शिकल्यावर लगेच सुरू होते. ३डी मध्ये ५ आणि ४एस मध्ये १ हे कळलं, की ‘अर्धं भरलेलं स्थिर’ हा मंत्र सगळीकडे लागतो. कार्बनच्या २एस मधला इलेक्ट्रॉनही उचलून २पी मध्ये जातो! मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत तसं होत नाही. तिथली ऊर्जेची दरी मोठी आहे. क्रोमियमच्याच गटातल्या टंगस्टनमध्ये ५डी मध्ये ४ आणि ६एस मध्ये २च असतात. पहिल्या संक्रमण श्रेणीत क्रोमियम आणि तांबं हे दोनच अपवाद लक्षात ठेवा. त्यापुढे नियम ताणू नका, तक्ता उघडा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नायट्रोजनच्या २पी मधले तीन बाण (एक बाण म्हणजे एक इलेक्ट्रॉन) तीन चौकटींत, एकाच दिशेने. कार्बनची तिसरी २पी चौकट रिकामी असली तरी काढायचीच. आणि क्लोराइडमध्ये, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त घेतलेल्या क्लोरीनमध्ये, इलेक्ट्रॉन १८. ऋण खूण बघून १६ लिहू नका.