रात्रीच्या लाइटवर पृथ्वीची फेरी मोजायची तर

रब्बीत मोटार चालवणारी थ्री फेज लाइट रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी भरायला मळ्यात जागावंच लागतं. आमच्या रावेर-यावलकडे निम्मं शिवार तेव्हा जागं असतं. वाफा भरेपर्यंत मोबाइल चाळण्यापेक्षा पृथ्वी फिरते कशी ते बघा. पत्र्याचं मोटारघर आणि घड्याळ, एवढं पुरे.

मोटारघराच्या पश्चिमेला बसा, तोंड पूर्वेकडे. पत्र्याची आडवी कड नजरेच्या बरीच वर यायला हवी. बसायची जागा पक्की करा: दगड रोवा, त्यावर बसून हनुवटी फावड्याच्या दांड्यावर टेकवा. वीतभर सरकलात तरी हिशेब बिघडतो. डिसेंबरात व्याध धरा. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जोडून रेघ खाली नेली की तो लखलखीत तारा सापडतोच. तो कडेमागून निघाला की मिनिटासकट वेळ लिहा. तारा हळूहळू उजळत येत नाही. आत्ता नसतो आणि पुढच्या क्षणाला असतो, म्हणून लक्ष हलू देऊ नका.

हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण 10 अंश झाकते. तासाभरात व्याध दीड मूठ, म्हणजे 15 अंश सरकतो. ही पृथ्वीची स्वतःभोवतीची फिरकी.

खरी गंमत दुसऱ्या रात्री. त्याच दगडावर बसा. काल 9.30 ला निघालेला तारा आज 9.26 लाच हजर! आठवड्याने 9.02. घड्याळ पुढे गेलेलं नसतं. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांतच फिरते. पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी 4 मिनिटं फिरावं लागतं. आपलं घड्याळ सूर्याचं, 24 तासांचं. तारे त्या हिशेबाने चालत नाहीत. म्हणजे हे 4 मिनिटं लवकर येणं हीच सूर्याभोवतीची प्रदक्षिणा, तुमच्या वहीत उतरलेली. महिन्याने तारा दोन तास लवकर येतो, वर्षाने पुन्हा 9.30 ला.

गुरू-शनीला पृथ्वीएवढी घाई चालत नाही. गुरूला एका फेरीला जवळपास 12 वर्षं लागतात, म्हणून वर्षाला साधारण एक रास आणि नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. अडीच वर्षांची एक रास, तीन राशींची साडेसाती. (फळ मला विचारू नका, गणित तेवढं खरं.) शेजारच्या ताऱ्यांसकट त्यांची जागा दर पंधरवड्याला कागदावर काढा. मधेच ग्रह मागे जाताना दिसला तर बिचकू नका. भुसावळजवळ आपली गाडी शेजारच्या मालगाडीला मागे टाकते तेव्हा मालगाडी उलटी चालल्यासारखी वाटते ना, तसंच. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर पळते, मंगळ 24. आपण त्याला गाठून पुढे जातो तेव्हा तो वक्री.

सूर्यही स्वतःभोवती फिरतो, पण ते दिवसाचं काम, आणि इथे दोन नळ्यांची दुर्बीण लागते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, डोळा कायमचा जाईल. एका भिंगाला झाकण लावा, दुसऱ्यातून येणारं सूर्यबिंब मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडा आणि पोरांना दुर्बिणीपासून लांब ठेवा. एका वेळी एक-दोन मिनिटंच, नाहीतर भिंग तापतं. बिंबावर काळा डाग दिसला तर पेन्सिलीने खूण करा, तारीख टाका, आणि रोज सकाळी त्याच वेळेला हेच करा. डाग एका कडेकडून दुसरीकडे जायला सुमारे दोन आठवडे घेतो. सूर्य दगडाचा गोळा नाही, वायूचा आहे. त्याचा मधला पट्टा 25 दिवसांत फिरतो, ध्रुवांकडे 35 च्या आसपास लागतात. डाग कडेआड गेला की पुन्हा समोर यायला आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. तोवर विरला असेल तर दुसरा धरा.