वाडा हलण्याआधी तीन आठवडे : पीपीआरची लस

दिवाळी झाली की माण, फलटण भागातले मेंढपाळांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाड आणि कळपांचे तांडे, कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेत दुसऱ्यांचे कळप भेटतात, एकाच पाणवठ्यावर तोंडं घालतात आणि पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथरोग, तिथेच पदरात पडतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा निघायचा दिवस ठरला की तिथून तीन आठवडे मागं मोजा आणि दवाखाना गाठा.

“पावसाआधी लस दिलीय की,” असं पुष्कळ जण सांगतात. विचारून बघावं तर ती आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यांच्या वेगळ्याच रोगाची निघते. पीपीआरला तिचा काही उपयोग नाही. पीपीआरची लस नीट बसली तर साधारण तीन वर्षं पुरते. मधल्या वर्षांत चार महिन्यांवरची नवी करडं-कोकरं आणि विकत आणलेली जनावरं तेवढी टोचायची. त्याहून लहान पिल्लांत आईच्या चिकाची ताकद असते, तिच्यापुढं लस लागू पडत नाही.

खरी गफलत होते ती हाताळणीत. ही जिवंत विषाणूची लस, उन्हानं वाया जाते. कुपी आणि कालवायचं द्रावण, दोन्ही बर्फात हवीत. कालवल्यावर दोन तासांत संपवायची. म्हणून सगळा कळप आधी वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडा, मगच कुपी फोडू द्या. कातडीखाली एक मिली. सुई स्पिरिटनं पुसायची नाही, उकळून गार केलेली घ्यायची. ताप असलेलं जनावर त्या दिवशी बाजूला. घरी दोन-चारच शेळ्या असतील तर आळीतल्यांना हाक मारा, एका कुपीत बरेचदा शंभर डोस असतात.

लोणंदच्या बाजारातून बोकड आणला तर तीन आठवडे वेगळा बांधा. त्याचं पाण्याचं घमेलंही वेगळं.

रोग ओळखायचा तो तोंडावरून. एकशे चार-पाचचा ताप, डोळे चिकटलेले, नाकाला घट्ट शेंबूड. ओठ उलटून बघा: हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखा थर आणि उग्र घाण वास. मग हगवण आणि धाप. मावा हा तोंडाचा दुसरा रोग असेल तर ओठांवर खपल्या धरतात, हगवण सहसा नसते. विषाणूवर औषध नाही. डॉक्टर देतात ती प्रतिजैविकं आणि सलाईन फुप्फुसाचा दाह आणि अशक्तपणा आवरायला. माणसाला हा रोग होत नाही. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन नंबरवर कळवा.