लार्चचं बोन्साय : या चुका टाळा

नोव्हेंबरात लार्च या सूचिपर्णी झाडाच्या सुया पिवळ्याधमक होऊन गळायला लागल्या की नवखा माणूस हबकतो. सूचिपर्णी झाड म्हणजे बारमाही हिरवं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग पाणी वाढतं, खत पडतं, नाहीतर झाड थेट कचऱ्यात जातं. लार्च दरवर्षी सगळ्या सुया गाळतो. शंका आलीच तर साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवट असेल तर झाड जिवंत आहे.

दया येऊन त्याला घरात आणणं ही त्याहून मोठी चूक. हीटरच्या उबेत त्याची हिवाळी विश्रांती मोडते. त्याला बाहेरच ठेवा, फक्त मुळं पाण्यात तुंबून गोठणार नाहीत एवढं बघा. ब्रिटन, जर्मनी, कॅनडातल्या मराठी मंडळींना लार्च सहज जमेल. पुण्या-मुंबईत नाद करू नका, महाबळेश्वरची थंडीसुद्धा त्याला पुरत नाही. भारतात तो सिक्कीम-अरुणाचलच्या उंच डोंगरांत वाढतो. आपल्याकडे सुरूचं बोन्साय छान होतं, ते करावं.

कुंडी बदलताना कॅलेंडर पाहू नका, पालवीच्या कळ्या पाहा. कळ्या फुगून टोकाला हिरवा ठिपका दिसतो, तेच दिवस योग्य. सुया उलगडल्यावर मुळं कापली तर नव्या पालवीला पाणी पुरत नाही आणि ती माना टाकते. आणखी एक : मुळांभोवती पांढरी जाळी दिसली की लोक ती रोग समजून धुऊन काढतात. बहुतेक वेळा ती मुळांना मदत करणारी बुरशी असते. थोडी जुनी माती तशीच राहू द्या.

सगळ्यात जास्त झाडं मात्र फांदीला आकार देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेने खराब होतात. लार्चची फांदी लवचीक असते, तार काढली की उसळून परत वर जाते. म्हणून माणूस म्हणतो, राहू दे अजून थोडे दिवस. नेमक्या उन्हाळ्याच्या त्या दिवसांत फांदी भराभर जाडते आणि तार सालीत रुतते. ते वळसेदार व्रण वर्षानुवर्षं जात नाहीत. जूनपासून दर आठवड्याला बघा, रुतायला लागली की कटरने तुकडे करून काढा, उलगडत बसू नका. फांदी उसळली तर पुन्हा बांधा. दोनदा तार लावण्याचा कंटाळा परवडतो, व्रण परवडत नाही.

छाटताना फांदीवर एखादी तरी कळी ठेवा. शेंडा सर्वांत जोमदार, तो वेळीच आखडला नाही तर खालच्या फांद्या अशक्त होतात.

सुयांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती कीड आहे. थोडी असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघते. ब्रिटनमध्ये असाल तर रानातलं रोप उपटून आणू नका. २००९ पासून तिथल्या जपानी लार्चवर फायटोफ्थोरा रॅमोरम हा घातक रोग आहे, आणि त्यापायी जंगलंच्या जंगलं तोडावी लागली आहेत. रोप नर्सरीतूनच घ्या.