जुनी लिनक्स नव्या एसएसडीवर क्लोन करून दोन्ही बूट कशा ठेवायच्या

क्लोन करणं म्हणजे नुसती कॉपी हो, ती रात्री लावून झोपलं तरी होते. घोळ पुढे असतो, जुनी आणि नवी ड्राइव्ह एकाच मशीनला जोडून ठेवली की. क्लोनमध्ये सगळं जसंच्या तसं येतं, प्रत्येक पार्टिशनचा (डिस्कच्या भागाचा) ओळखनंबर म्हणजे यूयूआयडी पण, आणि मग एकाच नंबरप्लेटच्या दोन गाड्या झाल्यासारखं होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बूटच्या मेन्यूतून नवी निवडली, डेस्कटॉप आला, खुशीत दोन दिवस काम केलं आणि मग कळलं की सगळं जुन्या डिस्कवरच सेव्ह होतंय!

तर आधी बॅकअप. मग क्लोनझिला या डिस्क क्लोन करायच्या टूलच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टिमवरून) बूट करा, चालू सिस्टिम क्लोन करायला जाऊ नका. डिस्क टू डिस्क निवडायचं, सोर्स जुनी, टार्गेट नवी. इथे घाई नको, नावं एसडीए, एसडीबी अशी सारखीच दिसतात म्हणून साइझ आणि मॉडेल वाचून खात्री करा, उलटं झालं तर जुन्यावरचं सगळं पुसलं जातं. नवी ड्राइव्ह जुनीएवढी किंवा मोठी असली की बरं, लहान असेल तर आधी जीपार्टेड या पार्टिशनं बदलायच्या टूलने जुनी पार्टिशनं आकसून घ्यावी लागतात.

क्लोन झाला की लगेच रीस्टार्ट करून जुन्यात शिरू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच आधी नव्याचे नंबर बदला. डिस्कवरची पार्टिशनांची यादी जीपीटी पद्धतीची असेल तर एसजीडिस्क कमांडचा मोठ्या जीचा (-G) ऑप्शन डिस्कचे आणि पार्टिशनांचे आयडी बदलतो. पार्टिशनची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर आधी ती चेक करा, मग ट्यून२एफएस कमांडला मोठा यू (-U) आणि रँडम द्या. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेला) स्वॅपलेबल कमांड, ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटच्या फाइली असतात ते, फॅट फाइल सिस्टिमचं असतं, त्याला एमलेबलचा एन (-n) ऑप्शन. मग ब्लकआयडी चालवून नवे नंबर बघा आणि नव्या ड्राइव्हवरच्या एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) एकेक ओळ बदला. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग बूट अडकला म्हणून रडतात.

आता नवी सिस्टिम माउंट करा (एका फोल्डरला जोडा), तिचं ईएफआय पार्टिशनही बूट-ईएफआयवर, डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर तिला बाइंड करा (जोडा) आणि सीएचरूट करून, म्हणजे नव्या सिस्टिमलाच रूट मानून, आत जा. तिथून ग्रब, म्हणजे बूटचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करा आणि अपडेट-ग्रब चालवा. पण मेन्यूत दुसरी सिस्टिम दिसतच नाही म्हणून डोकं धरू नका, २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर बाय डिफॉल्ट बंद असतो, ग्रबच्या डिफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये डिसेबल ओएस-प्रोबरची ओळ फॉल्स करून परत अपडेट-ग्रब चालवायचं.

सोबत विंडोजही असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच बाहेर लिहून ठेवा, बूटचा क्रम बदलला की विंडोज ती मागू शकतं.

रीस्टार्ट करून नवी निवडा आणि टर्मिनलमध्ये फाइंडमाउंट मारा, रूट (/) समोर नव्या डिस्कचं नाव दिसलं तरच जमलं. नंतर जुनीही एकदा बूट करून बघा. मी नव्याचा वॉलपेपर लाल करून ठेवलाय, कुठल्या घरात बसलोय ते आल्याआल्या कळतं.