सोडलेला मासा जगावा म्हणून

गळाने धरून परत सोडलेला मासा हातातून सुळकन खोल गेला, म्हणजे तो वाचलाच असं नाही. दमलेला, अंग सोललेला मासा काही तासांनीही मरतो, आणि काठावरच्याला त्याचा पत्ता नसतो.

सुरुवात गळापासून करा. त्याचा उलटा काटा पक्कडीत दाबून सपाट करायचा, मग गळ सुती फडक्यातून ओढून बघायचा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. काटा नसला की मासा निसटतो, ही ओरड नेहमीची. दोरी सैल सोडली नाही तर सहसा निसटत नाही. ल्यूरचा (म्हणजे नकली आमिषाचा) तीन तोंडी गळ काढून एकेरी लावा. दोरी फार बारीक घेऊ नका. बारीक दोरीवर खडशी (म्हणजे आपला महाशीर) खेळवत बसणं काहींना मर्दुमकी वाटते, पण तेवढ्या वेळात ती पार थकते.

मासा काठावरच्या दगडांवर ओढू नका. बिनगाठीच्या रबरी जाळीत, पाण्यातच धरा. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. फोटोसाठी मासा वर काढायचा तर आपण श्वास रोखून धरू शकतो तेवढाच वेळ, पोटाखाली हात देऊन. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून नुसतं धरून ठेवा. पुढेमागे हलवू नका, मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. शेपटीने स्वतःहून जोर लावला की हात सोडा.

गळ घशाखाली गेला असेल तर उपटू नका. दोरी तोंडाजवळ कापा. तसा सोडलेला मासा वाचण्याची शक्यता जास्त.

एप्रिल-मेच्या दुपारी पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी. तेव्हा पहाटेच जा. पावसाच्या पहिल्या लोंढ्यांबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. तेव्हा ओढ्यांच्या तोंडाशी गळ टाकू नये. धरणावर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारा. देहूच्या डोहातले मासे तर भाविकांनीच राखलेत, तिथे गळ टाकायचाच नाही.

चिलापी किंवा परदेशी मांगूर लागला तर मात्र परत सोडू नका. हे आपल्या नद्यांतले नाहीत, आणि मांगूर तर इतर मासे खातो. चिलापी घरी न्या, तळून उत्तम लागते.